‘बनगरवाडी’: कादंबरीच्या घटकांचा परस्परसंबंध
कादंबरीच्या अध्यापनात कथानक, पात्रे, वातावरण व निवेदन हे घटक बहुधा स्वतंत्र मथळ्यांखाली शिकविले जातात. सोलापूरच्या पश्चिमेकडील माणदेशातील धनगरवस्तीचे चित्रण करणारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही विभागणी अपुरी ठरविते. तिच्यात बांधेसूद कथानक शोधणाऱ्यास सुट्या प्रसंगांची मालिकाच आढळते. परंतु अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरांसाठी माणसे वाडी सोडतात, शाळा ओस पडते. येथे वातावरणच कथानकाचे कार्य करते. निवेदक असलेला तरुण मास्तर बाहेरून आलेला असल्याने या ऱ्हासाचा तो साक्षी ठरतो. दुष्काळाची नोंद केवळ ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून करणारा विद्यार्थी कादंबरीचा गाभाच गमावतो. सारांश, घटकांची नावे सांगणे पुरेसे नाही. त्यांचे परस्परकार्य तपासणे हीच समीक्षा होय.