आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्र : एक चिकित्सा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' ही संकल्पना रूढ केली. संरक्षित क्षेत्रांना जोडणारे भ्रमणमार्ग राखणे हा तिचा प्रमुख हेतू होय. राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिलेले आजरा-भुदरगड क्षेत्र हा राधानगरी अभयारण्य आणि दक्षिणेकडील जंगले यांमधील असाच एक दुवा आहे.

तथापि या तरतुदीची मर्यादा आजऱ्यातच स्पष्ट होते. कलम ३६-अ केवळ शासकीय मालकीच्या जमिनीस लागू होते. हत्ती आणि गवे मात्र भात, ऊस व काजूच्या मालकी रानांतही उतरतात. नकाशावरील मार्ग संपतो तेथे प्राण्याचा मार्ग संपत नाही. पुढील भार शेतकरी वाहतो. खाजगी जमिनीसाठी कलम ३६-क मध्ये 'सामुदायिक राखीव क्षेत्रा'ची सोय आहे. परंतु ती जमीनधारकाच्या स्वेच्छेवर अवलंबून आहे. कलम ३६-ब प्रमाणे व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींना प्रतिनिधित्व मिळते, पण समितीचा अधिकार सल्ल्यापुरताच मर्यादित राहतो.

सारांश, पिकांची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाल्याशिवाय ही स्वेच्छा निर्माण होणार नाही. भ्रमणमार्गाचे भवितव्य अधिसूचनेइतकेच बांधावरील विश्वासावर अवलंबून आहे.