मामा, भाचा आणि भीती



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने कार्टूनमधल्या कुत्र्याच्या पिल्लावर तासभर बोलावं, हे काही जणांना विचित्र वाटलं असेल. पण एखादं भांडण चार दशकं उलटून गेली तरी मिटत नाही, तेव्हा त्याच्या तळाशी काहीतरी असतं, अशी आमची जुनी समजूत आहे. स्क्रॅपी-डूवरचं भांडण हे असंच आहे. आज पन्नाशीत असलेली, चांगली शिकली-सवरलेली माणसंसुद्धा या पिल्लाचं नाव काढलं की तावातावाने बोलू लागतात. त्याने मालिका बुडवली असं एक पक्ष म्हणतो, त्याच्यामुळेच ती वाचली असं दुसरा. अमेरिकेतल्या रसिकांमध्ये तर ‘स्क्रॅपी’ हे आता सामान्यनाम झालं आहे. कुठल्याही मालिकेत मागाहून घुसलेलं, प्रेक्षकांना नकोसं झालेलं पात्र म्हणजे तिथला ‘स्क्रॅपी’.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्कूबी-डू’ सुरू झाली १३ सप्टेंबर १९६९ रोजी, सीबीएस वाहिनीवर. निर्मिती हॅना-बार्बेरांची, कल्पना जो रूबी आणि केन स्पिअर्स या दोघांची. चार तरुण पोरं आणि एक ग्रेट डेन कुत्रा गाडीतून हिंडतात, कुठेतरी भूत निघतं, धावपळ होते, आणि शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आत कुणीतरी लबाड माणूस सापडतो. आपल्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं आणि त्यानंतर आमच्या घरातल्या मुलांनीही हेच पाहिलं. आम्हीही पाहिलं, पेपरच्या आडून.

आता या रचनेत गंमत काय आहे? व्हेल्मा तर्क करते, फ्रेड सापळा रचतो, पण आपण बघत असतो ते स्कूबी आणि शॅगी यांच्याकडे. हे दोघे खादाड आणि भित्रे. आपल्या नाट्यपरंपरेला हे पात्र परकं नाही, तो विदूषक आहे. नायकाच्या सोबत असतो, जेवणावर लक्ष, संकट दिसलं की पाय लावून पळायला तयार. भूत खोटं आहे हे प्रेक्षकाला दहा भागांनंतर ठाऊक झालेलं असतं, तरी स्कूबी घाबरतो आणि आपण हसतो. त्या भीतीवर सगळा डोलारा उभा आहे.

अशा घरात २२ सप्टेंबर १९७९ रोजी स्क्रॅपी आला. त्याआधी तीन वर्षं मालिका एबीसी वाहिनीकडे गेली होती आणि तिचा प्रेक्षक घटत चालला होता. नवं काही आणा, नाहीतर मालिका बंद, अशी वेळ आली होती. हे स्क्रॅपीचा पहिला भाग लिहिणारे मार्क एव्हानिअर यांनीच पुढे सांगितलं आहे. पिल्लू आलं आणि मालिका चालली. त्याच्या बाजूने बोलणारे इथूनच सुरुवात करतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण एखाद्या गोष्टीमुळे दुकान चाललं म्हणून ती गोष्ट चांगली, हा युक्तिवाद आम्ही वर्गात कधी चालू दिला नाही, इथेही देणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजीत स्क्रॅपी स्कूबीला ‘अंकल’ म्हणतो. त्यांच्या भाषेला तेवढ्याने भागतं, आपल्याला काका की मामा ते ठरवावंच लागतं. तर स्क्रॅपीची आई रूबी-डू ही स्कूबीची बहीण. म्हणजे हे मामा-भाचे झाले. मामाचा मान भाच्याने ठेवायचा आणि भाच्याचे लाड मामाने पुरवायचे, हे नातं आपल्याला सांगावं लागत नाही. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता आरोपांकडे वळू. सर्वांत मोठा आरोप असा की स्क्रॅपी आला आणि फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा गेले; रहस्य गेलं, तर्क गेला, आणि भुतं खरीच निघू लागली. यातल्या घटना खऱ्या आहेत. १९८० पासून अर्ध्या तासाच्या एका गोष्टीऐवजी सात-सात मिनिटांच्या छोट्या गोष्टी आल्या, त्यात शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी एवढेच उरले, आणि त्यांतली भुतं-राक्षस बरेचदा अस्सल असत. आम्हालाही हे खटकतं. मुखवटा निघणार नसेल तर स्कूबीच्या भीतीत हसण्यासारखं काय उरलं? तो बिचारा मग योग्य कारणासाठीच घाबरतो आहे!

पण याला कारण स्क्रॅपी? आपल्या नैयायिकांनी घटाची कारणं सांगताना कुंभार घेतला, चाक घेतलं, दांडा घेतला, आणि माती वाहून आणणारं गाढव मात्र वगळलं. गाढव घटाच्या आधी तिथे होतं, पण तेवढ्याने ते कारण होत नाही. ते अन्यथासिद्ध. स्क्रॅपी हे या प्रकरणातलं कुंभाराचं गाढव आहे. सात मिनिटांत सुगावा, संशयित, सापळा आणि उलगडा बसवून दाखवा बरं! व्हेल्माला घालवलं ते घड्याळाने. आणि याला पुरावा आहे. १९७९-८० च्या पहिल्या मोसमात, अर्ध्या तासाच्या सोळा भागांत, स्क्रॅपी होता आणि बाकीचे तिघेही होते. मुखवटेही निघत होते. स्क्रॅपी असून तर्क टिकला होता. हे सोळा भाग आरोप करणारे सोयीस्करपणे विसरतात.

तेव्हा तो आरोप बाजूला ठेवू. उरतो दुसरा, स्वभावाचा. हे पिल्लू आगाऊ आहे, कर्कश आहे, दिसेल त्या भुताच्या अंगावर मुठी वळून धावतं. मान्य. आम्हालाही दोन भागांनंतर कान मिटावेसे वाटतात. पण नुसतं ‘चीड येते’ हे टीकेत पुरत नाही, कशाची येते ते सांगावं लागतं. आमचं उत्तर असं: स्क्रॅपीला शूर म्हणून मिरवलं जातं आणि तो शूर नाही. ॲरिस्टॉटलने शौर्याचा विचार करताना एक बारीक गोष्ट सांगितली आहे. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही, ना भूकंपाची ना लाटांची, त्याला तो शूर म्हणत नाही. तो वेडा तरी असेल किंवा त्याला वेदना कळत नसतील. शूर माणसाला भीती कळते आणि जिथे उभं राहायला हवं तिथे तो तरीही उभा राहतो. स्क्रॅपीकडे कळण्याचा भागच नाही. भूत खोटं आहे हे त्याने ओळखलंय असंही नाही. ते खरं असतं तरी तो असाच धावला असता, आणि पुढे खरोखर धावला.

एव्हानिअर यांनी आणखी एक हकीकत सांगितली आहे. वाहिनीच्या मजकूर तपासणाऱ्या मंडळींना हे पिल्लू फार स्वतंत्र बुद्धीचं वाटलं, मुलांपुढे बरा आदर्श नाही म्हणून त्याला जरा मवाळ करा असा आग्रह झाला. (हशा.) म्हणजे ज्याच्याकडे बुद्धीचा वापरच नाही, त्याच्या स्वतंत्र बुद्धीची यांना धास्ती.

इथवर आम्ही विरोधकांच्या बाजूने बोलतो आहोत असं वाटेल. पण दोन्ही पक्ष एकट्या स्क्रॅपीकडे बघत बसतात, तिथेच घोटाळा होतो. जरा मामाकडे बघा. १९६९ चा स्कूबी भूत दिसलं की पळे, स्वतःचा जीव घेऊन. १९७९ चा स्कूबीही पळतो, पण अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात येतं की भाचा मागे भुतासमोर उभा राहून आव्हान देतो आहे. मग तो थरथरत परत फिरतो, पिल्लाला उचलतो आणि पुन्हा धूम ठोकतो. पिल्लाच्या मुठी हवेत चालूच. हे दृश्य इतक्यांदा येतं की आपण ते नेहमीचा विनोद म्हणून सोडून देतो. पण भीती पुरती कळलेली असताना भुताच्या दिशेने चार पावलं टाकतो तो कोण? ॲरिस्टॉटलच्या कसोटीला उतरणारा त्या पडद्यावर तो एकटाच आहे, आणि गंमत अशी की त्याच्या शौर्याचे गोडवे गाणारा भाचा चुकीच्या कारणाने बरोबर ठरतो.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात इंद्राचा सारथी मातली अदृश्य राहून विदूषकाला धरतो. विदूषक ओरडतो, आणि शोकाने हातपाय गाळून बसलेला दुष्यंत धनुष्य घेऊन उठतो. भित्र्याच्या किंकाळीने वीराचा उत्साह जागा होतो. स्कूबीत ही जोडी उलटी आहे. इथे न भिणाऱ्याच्या उतावीळपणामुळे विदूषकावरच वीराचं काम येऊन पडतं. कालिदासाचं नाव इथे घेतलं म्हणून कुणी रागावू नये. रचना सारखी आहे एवढंच आम्ही म्हणतो, तोलाची तुलना करत नाही. १९८० पासून तर मामा आणि भाचा दोघांनाही डॉन मेसिक या एकाच कलावंताचा आवाज होता. भीती आणि बेफिकिरी एकाच गळ्यातून!

दोष द्यायचा तर तो लेखनाला द्यावा लागेल. एवढी चांगली जोडी हाती असून त्यांनी परत फिरण्याच्या त्या क्षणावर कधी थांबायचं धाडस केलं नाही. स्कूबीला एकदा तरी कळायला हवं होतं की आपण परत फिरलो.

२००२ च्या चित्रपटाबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. पटकथा जेम्स गन यांची, दिग्दर्शन राजा गॉस्नेल यांचं. त्यात शेवटचा खलनायक निघतो तो स्क्रॅपी. रोवन ॲटकिन्सनने रंगवलेला मालक हा यंत्रमानव असतो आणि त्याच्या आत हे पिल्लू बसलेलं असतं. जुन्या मालिकेत मुखवटा काढल्यावर गुन्हा कुणी केला ते कळत असे. इथे प्रेक्षकांनी वीस वर्षं मनात धरलेला निवाडा आधी ठरला आणि मग त्याला साजेसा गुन्हा पिल्लाच्या नावावर लिहिला गेला. थिएटरात हशा पिकतो, आम्हीही हसलो. पण त्याच चित्रपटात एक आठवण दाखवली आहे: ही चौकडी स्क्रॅपीला गाडीतून उतरवून भररस्त्यात सोडून देते. स्कूबीही गाडीतच असतो. गाडी पुढे निघते आणि मामा परत फिरत नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.