मध्यक, ऊती आणि उमेद

स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञाचा 'द मीडियन इझन्ट द मेसेज' (१९८५) हा लेख संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. १९८२ साली गूल्ड यांना पोटाच्या आतील आवरणाचा दुर्मिळ कर्करोग झाला. ग्रंथांत निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने दिला होता. याचा अर्थ 'आठ महिन्यांत मृत्यू' असा होत नाही, हे लेखात त्यांनी उलगडून दाखवले. पुढे ते वीस वर्षे जगले. २००२ साली त्यांचा अंत झाला तो वेगळ्याच कर्करोगाने.

समजा, पाच रुग्ण अनुक्रमे २, ४, ८, ३० आणि १०० महिने जगले. मध्यक ८ येतो, सरासरी मात्र २८.८. शून्याच्या अलीकडे कोणी जाऊ शकत नाही, म्हणून आलेखाचे शेपूट उजवीकडे लांबते. हे इतके सोपे करून सांगणे हेच या लेखाचे मोठे यश होय.

उणीव त्यापुढे आहे. आपण त्या शेपटात असू, असे मानण्याची कारणे देताना गूल्ड वय, लवकर झालेले निदान आणि उत्तम उपचार यांच्या पंक्तीत जगण्याची उमेदही बसवतात. पहिल्या तिन्हींना आधार आहे. चौथीबद्दल मात्र २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या आढाव्याला पटण्याजोगा पुरावा सापडला नाही. उमेदीने आजारपण सुसह्य होते, हे खरेच. पण लेख जसाच्या तसा वर्गात वाचला, तर ज्या मुलाचे वडील कर्करोगाने गेले, त्याने काय समजावे? वडील धीरात कमी पडले, असे?

मग शेपटात कोण, हे कसे ओळखावे? येथे ऊतींची तपासणी उपयोगी पडते. जठराच्या गाठीचा तुकडा विशिष्ट प्रतिपिंडांनी रंगवला, की पेशींवरील 'हर-२' हे प्रथिन तपकिरी दिसते. ते भरपूर असलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांचा मध्यक ११.१ महिने होता. सोबत ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांचा १३.८. म्हणजे ही खूण आयुष्य किती हे सांगत नाही, कोणते औषध लागू पडण्याचा संभव आहे ते सांगते. शिवाय जठराच्या गाठीत हे प्रथिन ठिकठिकाणी विखुरलेले असते, त्यामुळे एकाच तुकड्यावरून केलेला निर्णय फसू शकतो. आणि ११.१ व १३.८ हे आकडेही मध्यकच आहेत. गूल्ड यांचा इशारा त्यांनाही लागू आहे.

कासूचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात किंवा आपल्याच जिल्ह्यातील खारघरच्या केंद्रात जातो, तेव्हा त्याच्या हाती असाच अहवाल येतो. घरात तो वाचून दाखवणारा बहुधा शाळेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते. म्हणून गूल्ड यांचा लेख अवश्य शिकवावा. उमेदीच्या परिच्छेदापाशी मात्र थांबावे आणि 'याला पुरावा कोणता?' असे वर्गाला विचारावे.