भांडी घासणाऱ्याचे पॅरिस

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दुबईहून फोन आला. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते. पुढे नोकरी लागेना, म्हणून एजंटाला पैसे भरून तो तिकडे गेला आणि आता एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासतो. एका खोलीत आठ जण राहतात. केरळचे आहेत, नेपाळचे आहेत, बांगलादेशी आहेत. कोण कसे घोरतो, कोणाची आमटी कशी असते, मुकादमाला चुकवून अर्धा तास झोप कशी काढतात, हे सांगताना तो सारखा हसत होता. शेवटी म्हणाला, "सर, लिहावं वाटतंय. पण इथं नुसतं दुःखच नाही, मजाबी आहे. आपल्या साहित्यात मजा चालती का?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. वर्गात आत्मकथने शिकवताना मी स्वतःच मुलांना सांगत आलो आहे की वेदना, नकार आणि विद्रोह ही आपल्या साहित्याची त्रिसूत्री आहे. ते खोटे नाही. पण या त्रिसूत्रीत त्या पोराचे हसणे कुठे बसवायचे? या प्रश्नाचा विचार करताना मला लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीचे 'द बिग सी' हे आत्मचरित्र पुन्हा वाचावेसे वाटले. १९४० साली ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि आपले साहित्य यांचा भाऊबंदकीचा विचार आपल्याकडे गेली पन्नासएक वर्षे होत आहे. परंतु त्यात आपण बहुधा त्यांचा संताप घेतला. त्यांच्यातला एक एकविशी-बाविशीतला पोरगा परमुलखात पोट भरत कसा भटकला, याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

परदेशाचे वर्णन मराठीला नवीन नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले आणि घरोघर वाचले गेले. त्यातला विनोद मलाही आवडतो. पण या परंपरेतल्या बहुतेक पुस्तकांत लेखक पाहुणा असतो. तो शहर बघतो, हॉटेलात जेवतो, नाटकाला जातो. तो जेवून उठल्यावर त्याची बशी कोण विसळते, हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही. ह्यूजच्या पुस्तकात बशी विसळणाराच लेखक आहे. एवढ्या एका फरकाने सगळे शहरच बदलून जाते.

ह्यूज १९२१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहातली खोली त्याने आधीच राखून ठेवली होती. मुलगा काळा आहे हे पाहिल्यावर मात्र तिथल्या लोकांची पंचाईत झाली. हे वसतिगृह म्हणजे हार्टली हॉल. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात गेले तेव्हा प्रथम काही दिवस याच हार्टली हॉलमध्ये उतरले होते. या योगायोगावरून मोठे सिद्धांत मांडण्याचे कारण नाही. पण हे वाचताना मी थांबलो, हे खरे. बाबासाहेब त्या विद्यापीठातून विद्येचे भांडार घेऊन आले. ह्यूज एका वर्षात ते सोडून बाहेर पडला. बापाला मुलगा खाणीचा इंजिनिअर व्हायला हवा होता. बाप स्वतः वर्णभेदाला कंटाळून मेक्सिकोत जाऊन राहिलेला आणि आपल्याच लोकांचा तिरस्कार करणारा. मुलाला मात्र तीच माणसे हवी होती.

१९२३ च्या जून महिन्यात आफ्रिकेला निघालेल्या एका मालवाहू जहाजावर तो मेसबॉय म्हणून चढला. खलाशांना जेवण वाढायचे, भांडी घासायची, बिछाने घालायचे. पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की, न्यूयॉर्कचा किनारा मागे पडताच रात्री डेकवर येऊन तो आपली पुस्तके समुद्रात फेकून देतो.

हे पान मी प्रथम वाचले तेव्हा मला राग आला होता. माझ्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या पुस्तकांसाठी आईने घरातली पितळेची घागर मोडीत घातली होती. पुस्तक फेकून देण्याची चैन आमच्यापैकी कोणाला परवडेल? दुसऱ्या वाचनात लक्षात आले की त्याने फेकली ती विद्या नव्हे. ज्या विद्येच्या नावाखाली त्याला स्वतःची माणसे विसरायला सांगितले जात होते, तिचे ओझे त्याने फेकले. आणि गंमत अशी की चरित्रकार आर्नोल्ड रॅम्परसाड सांगतात त्याप्रमाणे सगळी पुस्तके त्याने फेकलीच नव्हती. वॉल्ट व्हिटमनचे 'लीव्हज ऑफ ग्रास' त्याने जवळ ठेवले होते. आत्मचरित्रात तो हे लपवतो. आत्मकथन म्हणजे जसेच्या तसे सत्य, असे मानून चालणाऱ्या आपल्या समीक्षेनेही याची नोंद घ्यावी.

आफ्रिकेचा किनारा दिसला तेव्हा आपण घरी आलो असे त्याला वाटले. पण तिथली माणसे त्याच्या तांबूस रंगाकडे आणि केसांकडे पाहून हसली. तू तर गोरा, असे त्याला म्हणाली. लायबेरियातल्या एका क्रू जमातीच्या माणसाने त्याला कारण समजावून दिले. उजळ रंगाचे जे लोक या किनाऱ्यावर येतात ते पाद्री म्हणून किंवा गोऱ्यांच्या कचेऱ्यांत मदतनीस म्हणून येतात. म्हणून तेही गोरेच. हे वाचताना मला माझ्या गावची आठवण झाली. सुट्टीत गेलो की आमच्याच वस्तीतली, मला अंगाखांद्यावर खेळवलेली म्हातारी 'साहेब, बसा' म्हणून सतरंजी टाकते. तिला कसे सांगू की आजी, मी तुझाच आहे? ह्यूजने या प्रसंगावर रडगाणे गायलेले नाही. त्याला वाईट वाटले हे तो सांगतो, आणि लगेच बंदरावरच्या कामाकडे वळतो. यंत्रे, डब्यातले अन्न आणि हॉलिवूडचे चित्रपट घेऊन जहाज येते. पामतेल, कोको आणि महोगनीचे ओंडके घेऊन जाते. कोण उचलतो, कोण नेतो, हे त्याने दोन ओळींत दाखवले आहे. वसाहतवादाचे अर्थशास्त्र कळायला एवढे पुरेसे आहे.

१९२४ च्या फेब्रुवारीत त्याने रॉटरडॅमला दुसरे जहाज सोडले आणि खिशात सात डॉलर घेऊन तो पॅरिसला पोचला. ओळखीचे कोणी नाही. एका रशियन नर्तकीबरोबर भाड्याची खोली वाटून घेतली. तिच्याकडेही पैसे नव्हते. आईला पैशासाठी पत्र लिहिले तर घरीच अडचण असल्याचे उत्तर आले. पहिले काम मिळाले ते एका नाइट क्लबच्या दारावर, रात्रीला पाच फ्रँक आणि जेवण. दारात मारामाऱ्या होत, आणि त्या सोडवण्याचे कामही याच्याकडेच. हा भित्रा. ते काम सोडून तो माँमार्त्र भागातल्या 'ग्रां द्यूक' या क्लबात भांडी घासायला लागला. आचारी ब्रूस एका डोळ्याचा, तापट. रात्री उशिरा धंदा सुरू होई आणि पहाटे वादकांना खरा रंग चढे. ते संगीत मोरीपर्यंत ऐकू येई. तिथेच एके दिवशी न्यूयॉर्कहून ब्रिकटॉप नावाची गायिका आली. एवढीशी जागा पाहून तिला रडू कोसळले. पुढे याच बाईने पॅरिस गाजवले.

प्रस्थापित वाङ्मयात पॅरिस हे कलेचे माहेरघर असते. तिथली चित्रे, तिथले कवी, तिथली कॉफी. ह्यूजच्या पॅरिसमध्ये भिजून पांढरी पडलेली बोटे आहेत, भाडे आहे, उरलेले अन्न आहे. आणि तरीही त्यात आनंद आहे. तो कडवट होत नाही. मला या पुस्तकाचे मोल इथे वाटते. गरीब माणूस परमुलखात गेला की त्याच्या वाट्याला फक्त हाल यावेत, आणि धाडस, भटकंती, प्रेम, विनोद ही खातेपिते असणाऱ्यांची मिरास असावी, ही वाटणी ह्यूज मान्य करत नाही. साध्या, रोजच्या साहसावर तो हक्क सांगतो. हा हक्कही कोणी आपल्याला आंदण दिलेला नाही.

याचा अर्थ असा नव्हे की त्याला वर्णाचा विसर पडला. उन्हाळ्यात तो इटलीत गेला. परतताना आगगाडीत पासपोर्ट आणि पैसे चोरीला गेले आणि तो जिनोआ बंदरात अडकला. गोऱ्या खलाशांना अमेरिकन जहाजांवर काम मिळत होते. ते एकेक करून निघून गेले. काळा म्हणून याला कोणी घेईना. 'आय, टू' ही त्याची प्रसिद्ध कविता त्या अडकलेल्या दिवसांतली. शेवटी सगळे खलाशी काळे असलेल्या एका जहाजावर, पगाराशिवाय काम करत, तो १९२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला उतरला. खिशात पंचवीस सेंट उरले होते. सात डॉलरमधून ते वजा करून तो हिशेब मांडतो की युरोपचा प्रवास आपल्याला पावणेसात डॉलरला पडला. हा विनोद मध्यमवर्गीय विनोद नाही. उपाशी राहिलेल्या माणसाने केलेला तो हिशेब आहे.

परतण्याचा आणखी एक प्रसंग. मेक्सिकोहून अमेरिकेत येताना सेंट लुईस स्टेशनात तो सोडावॉटरच्या दुकानात गेला. विक्रेत्याने विचारले, तू मेक्सिकन की निग्रो? खरे सांगितल्यावर पेय मिळाले नाही. आपण स्वदेशी पोचलो हे त्यावरून कळले, असे ह्यूज लिहितो. १९१७ साली परदेशातून परतून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असे त्यांनी त्या आठवणीत लिहून ठेवले आहे. परदेश म्हणजे स्वर्ग नव्हे. जिनोआचे बंदर ते सांगतेच. परंतु परक्या मुलखात काही काळ आपली ओळख सैल होते, आणि ती पुन्हा आवळली जाते तेव्हा फास दिसतो. घरी बसून तो इतका स्पष्ट दिसत नाही.

आता या पुस्तकाच्या मर्यादेविषयी. १९४० सालीच रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी आली आणि तिच्या धगीपुढे ह्यूजचे हसरे पुस्तक फिके वाटले. राल्फ एलिसनने त्याच वर्षी परीक्षण लिहून तक्रार केली की लेखक घटनांच्या पृष्ठभागावर राहतो, अर्थाच्या खोलात उतरत नाही. ही तक्रार मला एका जागी शंभर टक्के पटते. आफ्रिकेच्या एका बंदरात दोन लहान मुली जहाजावर आणल्या जातात. त्यांतली एक खलाशांच्या खोलीत तीसेक पुरुषांच्या ताब्यात सापडते. ती पैसे मागत रडत राहते. ह्यूज लिहितो की तिचे रडणे ऐकवेना, म्हणून मी जाऊन झोपलो. रात्रभर ते चालूच राहिले.

तो पुढे काही बोलत नाही. त्याने हे लपवले नाही, याचे श्रेय त्याला द्यावे लागेल. पण त्या मुलीच्या बाजूने या साहसाकडे पाहिले तर काय दिसते? पुरुषाला भटकंती होते, आणि त्या भटकंतीच्या तळाशी एक मुलगी पडलेली असते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आपल्याच घरातला पुरुष दाखवला, तेव्हा आपल्यातल्या अनेकांची हीच अडचण झाली. पीडिताचा आनंद हा त्याचा हक्क आहे, हे मी वर म्हटले. तो हक्क दुसऱ्या पीडिताच्या अंगावर उभा राहत असेल तर त्याला प्रश्न विचारणे हेही आपल्याच समीक्षेचे काम आहे. 'वेदना' हा शब्द मी टाकून द्यायला सांगत नाही. ती कोणाची आणि कोण ऐकत नाही, हे विचारायला सांगतो आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. चालते. मजा चालते. आठ माणसांची खोली लिही, घोरणे लिही, मुकादमाला दिलेली हूल लिही. ती लिहिताना पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे, तेही लिही. हॉटेलातल्या खोल्या साफ करणाऱ्या बायका कोणत्या देशाच्या आहेत आणि त्या का हसत नाहीत, ते बघून लिही. गावी परत आल्यावर पाण्याच्या टाकीपाशी तुला कोणी काय विचारले, ते सगळ्यात शेवटी लिही. आणि लिहिलेले मला पाठव. भाषा दुरुस्त करायला नव्हे, वर्गात वाचून दाखवायला.