‘हाय नून’ : प्रेक्षकाचे मत आणि कृतीचा अर्थ

प्रेक्षकाच्या मताला समीक्षेत स्थान कोणते, या प्रश्नाची दोन उत्तरे मराठीत परिचित आहेत. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणाऱ्यांच्या दृष्टीने मत ही कृतीबाहेरची, म्हणून अप्रस्तुत गोष्ट होय. वाचककेंद्री सिद्धान्तांचा आधार घेणाऱ्यांच्या दृष्टीने अर्थ ग्राहकाच्या ठिकाणीच सिद्ध होतो. पहिली भूमिका स्वीकारली तर मत निरर्थक ठरते. दुसरी स्वीकारली तर कोणतेही मत चूक ठरू शकत नाही. या दोन्ही भूमिका तपासून पाहण्यासाठी फ्रेड झिनेमान यांचा ‘हाय नून’ (१९५२) हा चित्रपट विशेष उपयुक्त आहे. सरहद्दीवरील एका कायदारक्षकाच्या या कथेविषयी परस्परांना छेद देणारी मते व्यक्त झाली आणि ती व्यक्त करणाऱ्यांत स्वतः चित्रपटकर्तेही होते.

हॅडलिव्हिल गावाचा मार्शल विल केन विवाहाच्या दिवशीच पद सोडून निघतो. ज्याला त्याने तुरुंगात धाडले तो फ्रँक मिलर सुटून दुपारी बाराच्या गाडीने येत आहे, म्हणून तो परततो. जवळजवळ घड्याळाच्याच गतीने सरकणाऱ्या सुमारे ८५ मिनिटांत तो सर्वांकडे मदत मागतो. न्यायाधीश राष्ट्रध्वज आणि न्यायाचा तराजू गुंडाळून गाव सोडतो. चर्चमधील मंडळी चर्चा करतात आणि बसून राहतात. अखेर हिंसेला धर्मश्रद्धेने विरोध करणारी त्याची पत्नी एमी हीच एका गुंडाला पाठीमागून गोळी घालते. संघर्ष संपल्यावर केन छातीवरचा तारा काढून धुळीत टाकतो आणि निघून जातो.

या रचनेत दोन जागा हेतुतः मोकळ्या आहेत. गावाचा नकार एकाच कारणातून येत नाही. कोणाला भीती वाटते, कोणाला गावात येऊ घातलेल्या भांडवलाची चिंता आहे, कोणाला मिलरच्या काळातील भरभराट हवी आहे. दुसरीकडे, आपण का थांबतो याचे समाधानकारक उत्तर केन कोणालाच देत नाही. प्रेक्षकांची मते या दोन जागांभोवतीच गोळा झाली आहेत.

पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरणाच्याच काळात, १९५१ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. पुढे ते इंग्लंडला गेले. त्यांच्या मते हॅडलिव्हिल म्हणजे भेदरलेले हॉलिवूड. झिनेमान यांनी मात्र हे राजकीय रूपक मानले नाही. त्यांना ती एका माणसाच्या सदसद्विवेकाची कथा वाटली. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांची तक्रार वेगळीच होती. आपल्या कामात निष्णात असणारा शेरीफ दारोदार मदत मागत फिरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. या नापसंतीतूनच त्यांनी ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) काढला. त्याचा नायक जॉन वेन याने १९७१ मधील एका मुलाखतीत ‘हाय नून’वर अमेरिकाद्रोहाचा ठपका ठेवला आणि केनने तारा पायाखाली तुडवल्याचे सांगितले.

चित्रपटात केन तारा तुडवीत नाही, तो टाकतो. हा फरक किरकोळ नाही. टाकण्यात विरक्ती आहे, निराशा आहे, कदाचित तिरस्कारही आहे. तुडवण्यात निव्वळ अवमान आहे. वेनच्या मताला जो अवमान हवा होता, तो त्याच्या स्मरणाने कृतीत घातला.

येथे भरताचे नाट्यशास्त्र आठवावे. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगसिद्धीचा विचार करताना प्रेक्षकभेद मान्य केला आहे. तरुण, विरागी, शूर, वृद्ध हे निरनिराळ्या गोष्टींनी संतुष्ट होतात. मतभेद झाल्यास निर्णय देणारे प्राश्निकही ज्या त्या विषयाचे जाणकार असावेत, असे तेथे सांगितले आहे. त्यांत शस्त्रविद्येचा ज्ञाताही आहे. हॉक्स यांचे मत या प्राश्निकाचे मत आहे. त्यांच्या कक्षेत, म्हणजे शस्त्रधारी माणसाच्या व्यवहारापुरते, ते प्रमाण आहे. एकट्या पडलेल्या माणसाच्या कथेचा निवाडा मात्र त्यातून होत नाही. वेनचे मत अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एकाचे उदाहरण ठरते : स्वतःच्या सुखदुःखांच्या अधीन झालेला प्रेक्षक समोरचे पाहू शकत नाही.

मग प्रेक्षकाचा इतिहास हा नेहमी विघ्नच मानावा काय? पोलंडमधील ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी टोमाश सारनेत्स्की यांनी केलेल्या भित्तिपत्रकात हाच केन चालत येतो. त्याच्या हाती मतपत्रिका आहे आणि ताऱ्याच्या वर ‘सॉलिडॅरिटी’चे चिन्ह आहे. हाही कृतीत केलेला बदलच. परंतु हा बदल उघड आहे. तो चित्रपटाच्या माथी मारलेला नाही. शिवाय तो मोकळ्या जागेतच बसतो, कारण गाव या वेळी बाहेर येईल काय, हा मूळ कृतीचाच प्रश्न तो पुढे नेतो.

भरताच्या नाट्यशास्त्राचे साक्षेपी अभ्यासक नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या आडनावात वसमत तालुक्यातील कुरुंदा गाव नांदते. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. तेथे बिल्ला लावणारा शिपाई आणि गावकरी यांचे नाते हॅडलिव्हिलपेक्षा मुळातच वेगळे होते; सत्तेच्या माणसाला साथ न देणे हा तेथे भ्याडपणा न ठरता प्रतिकार ठरू शकत होता. पुढे मुक्तीही आली ती ‘पोलीस कारवाई’ या नावाने. ही स्मृती असलेला प्रेक्षक धुळीतल्या ताऱ्याकडे पाहून प्रथम विचारील : हा तारा कोणाचा?

गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) हाच प्रश्न कथेच्या केंद्राशी येतो. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटातील फौजदार अनंत वेलणकरही एकाकी आहे. परंतु त्याला एकटे पाडते ती वर्दीचीच व्यवस्था. केन कायदा राखतो आणि तारा टाकतो. वेलणकर रामा शेट्टीचा जीव घेतो आणि स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. ‘अर्धसत्य’ पाहिलेल्या प्रेक्षकाला ‘हाय नून’मधील एक गृहीत दिसू लागते : तेथे कायदा निर्मळ आहे, मळलेला आहे तो समाज. हे गृहीत कृतीतच आहे. ते दिसण्यासाठी मात्र दुसऱ्या इतिहासातून आलेला डोळा लागला.

तेव्हा मत हे अर्थाचा पर्याय नव्हे आणि अडगळही नव्हे. ते कृतीतील एखाद्या जागेकडे केलेला निर्देश असते. निर्देश केलेल्या ठिकाणी खरोखर काही आहे काय, हे पुन्हा कृतीकडे जाऊनच पाहावे लागते. फोरमन, हॉक्स, सारनेत्स्की यांच्या मतांपाशी तेथे काहीतरी सापडते. वेनने दाखवलेल्या जागी पाऊलच उमटलेले नाही. एवढा निवाडा करण्याचे सामर्थ्य समीक्षेने सोडले, तर सर्व मतांचा आदर करण्याच्या नावाखाली ती कोणत्याच मताचा गंभीरपणे विचार करणार नाही.