शृंखलेतील प्रेते आणि न्यायासन

चित्रकथा म्हणजे बालवाङ्मय, अशी समजूत आपल्याकडे अद्याप दृढ आहे. रॉबर्ट कर्कमन यांची 'द वॉकिंग डेड' ही अमेरिकन चित्रकथामाला मात्र प्रौढ वाचकासाठीच आहे. ऑक्टोबर २००३ ते जुलै २०१९ या काळात तिचे १९३ अंक निघाले. पहिल्या सहा अंकांनंतरची चित्रे चार्ली ॲडलार्ड यांची आहेत. मेलेली माणसे उठून जिवंतांस खाऊ लागली आहेत व नगरे ओस पडली आहेत, ही तिची पार्श्वभूमी.

आपल्याकडील वेताळही प्रेतात वास करतो. परंतु तो बोलतो, कोडी घालतो, राजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा पाहतो. कर्कमन यांची प्रेते मुकी आहेत. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायात अस्थींवर स्नायू, मांस व त्वचा चढते, तरी श्वास नसतो. त्या एका क्षणावरच ही कथा जणू थबकली आहे.

अशा ओसाड भूमीत १९ व्या अंकात (२००५) मिशोन अवतरते. पूर्वी ती वकील होती. आता तिच्या हाती तलवार आहे, आणि हात व जबडे तोडलेली दोन प्रेते ती साखळीने ओढीत नेते. त्यांच्या सोबतीमुळे इतर प्रेते तिच्याकडे लक्ष देत नाहीत. त्यांतील एक तिच्या प्रियकराचे आहे. तिच्या अंगी अलौकिक शक्ती नाही. याच लेखकाने 'मार्व्हल झॉम्बीज'मध्ये (२००५) महाबली नायकांनाच नरभक्षक प्रेते केले. बळ भुकेपुढे टिकत नाही, हे त्याने तेथे दाखविले. बळाविना माणूस टिकतो कसा, हा प्रश्न मिशोनच्या रूपाने येथे उभा राहतो.

या चित्रणात एक गंभीर दोष आहे. तिच्यावरील अत्याचार आणि तिने घेतलेला सूड ही चित्रे आवश्यकतेपलीकडे लांबविली आहेत. स्त्रीचे धैर्य पटवून देण्यासाठी आधी तिची विटंबना दाखविलीच पाहिजे, हा समज चित्रकाराच्या लेखणीत शिरला की वाचकही त्या विटंबनेचा प्रेक्षक होतो.

धर्मगुरूंनी या कथेतील फादर गॅब्रिएल यांच्याकडे अवश्य पाहावे. संकटसमयी ते मंदिराचे दार आतून लावून घेतात. बाहेर त्यांचीच मंडळी मरते. श्वास चालू असूनही माणूस प्रेतवत होऊ शकतो, हे येथे कळते. मालिकेचे नाव जिवंतांनाही लागू पडते, ते याच अर्थाने.

राजेश्वरापासून जवळच असलेल्या बसवकल्याणास बाराव्या शतकात अक्कमहादेवी एकटीच चालत आली, अशी परंपरा आहे. राजगृह सोडून आलेल्या त्या स्त्रीपाशी शस्त्र नव्हते. अनुभवमंटपात तिची परीक्षा झाली ती वाणीची. मिशोनचा प्रवासही अखेर शस्त्राकडून शब्दाकडे होतो. शेवटच्या अंकात ती न्यायाधीश झालेली आहे, आणि तिच्यासमोर आलेला वाद प्रेतांना बांधून त्यांचे खेळ करणाऱ्या माणसासंबंधीचा आहे. जिने एके काळी स्वतःच प्रेते साखळीत बांधली, तिलाच आता त्यांवर निवाडा करावयाचा आहे.

ही योजना कथेतील सारा रक्तपात क्षम्य ठरवीत नाही. परंतु जीव वाचविणे हे जगण्याचे साधन असून साध्य नव्हे, हा विचार एवढ्या अनपेक्षित ठिकाणी इतक्या स्पष्टपणे मांडलेला आढळतो, याची नोंद घेणे उचित होय.