साक्ष, अहवाल आणि माफी

साहित्य केव्हा साहित्य राहत नाही आणि केव्हा प्रचार होते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्यांना एकसुरी म्हटले, आक्रोशी म्हटले. अनुभवाची दाहकता मान्य करायची आणि त्याच श्वासात कलात्मकतेचा पुरावा मागायचा, ही या समीक्षेची जुनी रीत आहे. हा प्रश्न मी पुन्हा उपस्थित करीत आहे तो केन सारो-विवा या नायजेरियन लेखकाच्या 'अ मन्थ अँड अ डे' या डायरीच्या निमित्ताने. ओगोनी म्हणजे आफ्रिकेतले दलित, असे सोपे समीकरण मला मांडायचे नाही. जातीची उतरंड वेगळी आणि तेलाची लूट वेगळी. परंतु साक्षीदारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच दिसते.

ओगोनी हा नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात शेती आणि मासेमारीवर जगणारा समाज. सारो-विवाच्या काळात लोकसंख्या सुमारे ५ लाख, भूमी सुमारे १,००० चौरस किलोमीटर. नायजर खोऱ्यात ओलोइबिरी येथे १९५६ मध्ये तेल सापडले, आणि ओगोनी भूमीत १९५८ मध्ये. नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० मध्ये. म्हणजे या लोकांच्या शेतात स्वातंत्र्याआधी तेलविहीर आली. पुढे १९६९ च्या लष्करी फर्मानाने भूगर्भातल्या सर्व तेलाची मालकी केंद्रसत्तेकडे गेली. गोरा साहेब गेला, एतद्देशीय सत्ताधारी आले. शेल कंपनी तिथेच होती. तेलाबरोबर वर येणारा वायू साठवण्यापेक्षा जाळणे स्वस्त पडते, म्हणून तो वस्तीजवळ रात्रंदिवस जळत राहिला. शेतांतून आणि खाड्यांतून नळ गेले; ते गंजले, फुटले, आणि तेल पसरत गेले.

या भूमीचा लेखक १९९३ च्या जून महिन्यात पकडला गेला आणि एक महिना एक दिवस कोठडीत राहिला. त्याची ही डायरी. ती पुस्तकरूपाने आली १९९५ मध्ये. परंतु त्याआधीच, १० नोव्हेंबर १९९५ रोजी, सानी अबाचाच्या लष्करी राजवटीने त्याला आठ सहकाऱ्यांसह पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फासावर लटकवले होते.

डायरी वाचताना कलावाद्यांचा आक्षेप सहज सुचेल. अटक, प्रवास, बैठका, संघटनेचा इतिहास, मागण्यांचे मसुदे, किती वर्षे तेल काढले आणि त्या बदल्यात काय मिळाले याचा हिशेब. यात साहित्य कुठे आहे? परंतु हाच लेखक १९८५ मध्ये 'सोझाबॉय' ही कादंबरी लिहून बसला होता. लढाईत ओढल्या गेलेल्या एका खेडवळ पोराची ती कहाणी त्याने मोडक्यातोडक्या, त्याच्याच शब्दांत 'सडक्या' इंग्रजीत लिहिली आणि प्रमाणभाषेची मिजास उतरवली. दूरचित्रवाणीवरच्या त्याच्या विनोदी मालिकेने देशाला हसवले होते. तेव्हा त्याला कला येत नव्हती असे कोणी म्हणू नये. डायरीतला रुक्ष हिशेब ही त्याची असमर्थता नव्हे, ती त्याची निवड आहे. ज्याचे सर्वस्व हिशेबाबाहेर ठेवून लुटले गेले, त्याच्या हातात हिशेब हेच हत्यार असते.

आता या डायरीशेजारी दुसरा एक मजकूर ठेवून पाहावा. १९९३ मध्ये शेलने ओगोनीतले उत्पादन थांबवले; नळ मात्र जमिनीतच राहिले. त्यानंतर १८ वर्षांनी, २०११ च्या ऑगस्टमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला. नायजेरिया सरकारच्या विनंतीवरून आणि तेलकंपनीच्या पैशाने ही पाहणी झाली होती. २०० हून अधिक ठिकाणे तपासली गेली. निसिसिओकेन ओगाले या गावातल्या विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आढळले, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक. भूजलावर ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. जवळून जाणारा नळ सरकारी तेलकंपनीचा होता. म्हणजे परदेशी भांडवल आणि देशी सत्ता यांत फरक करण्याचे कारण उरले नाही. खाडीतल्या खारफुटीच्या मुळांवर डांबरासारखे पुट चढले होते. चोरून तेल गाळणाऱ्यांनीही या नासाडीत भर घातली, हेही अहवालात आहे, आणि ते लपवण्याचे आपल्याला कारण नाही. सगळे सुधारायला २५ ते ३० वर्षे लागतील, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हा अहवाल मी कमी लेखत नाही. साक्षीदाराला धूर दिसतो, काजळी दिसते, मेलेला मासा दिसतो. बेंझीन दिसत नाही. वरची माती साफ केल्याचे जिथे कंपनीने सांगितले तिथेही खाली तेल मुरलेलेच होते, कारण भूजलाला आडवी येणारी चिकणमातीची सलग थर-भिंत तिथे नाही. हे उपकरणाशिवाय कळत नाही. परंतु पाण्याला वास येतो हे ओगालेच्या माणसांना ठाऊक होते. दुसरे पाणी नव्हते, म्हणून ती तेच पीत होती. प्रयोगशाळेने त्यांच्या नाकाला प्रमाणपत्र दिले, एवढेच. जे डायरीत लिहिले तेव्हा 'भडकावणे' ठरले आणि कोठडीचे कारण झाले, तेच पुढे तक्त्यात छापले तेव्हा 'ज्ञान' ठरले. सत्य बदलले नव्हते, ते उच्चारणारा बदलला होता. साहित्याच्या मूल्यविचाराने या फरकाकडे डोळेझाक करायची काय?

साक्षीला मान द्यायचा म्हणजे तिची चिकित्सा सोडायची, असे मात्र नव्हे. माझ्या मते या डायरीची मर्यादा आकड्यांत नाही, आवाजात आहे. 'सोझाबॉय'मध्ये बोलणारा सामान्य माणूस इथे मागे सरतो आणि नेता बोलू लागतो. कंदाचे शेत करणारी, खाडीत शिंपले वेचणारी बाई ही या नासाडीची पहिली बळी. पण ती इथे सभेतल्या गर्दीत दिसते, स्वतःच्या तोंडाने फारशी बोलत नाही. १२ जून १९९३ च्या निवडणुकीवर बहिष्कार घालावा की नाही, यावरून ओगोनी संघटना फुटली, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष बाहेर पडले. डायरीत ही फूट एकाच बाजूने येते. पुढे २१ मे १९९४ रोजी जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांची हत्या केली. त्यांत तो उपाध्यक्षही होता. याच हत्येचा आरोप ठेवून, विशेष न्यायाधिकरणाचा देखावा करून सारो-विवा आणि इतरांना फाशी दिली गेली. तो खटला अन्याय्य होता याबद्दल शंका नको. पण आतला विरोध ऐकण्याची भाषा चळवळीने घडवली होती काय, हा प्रश्न डायरी संपल्यावरही उरतो. शोषितांच्या साहित्याने आपल्या माणसांनाही प्रश्न विचारले पाहिजेत. तसे केल्याने साक्ष दुबळी होत नाही, उलट तिचे बळ वाढते.

आणि आता तिसरा मजकूर. १२ जून २०२५ रोजी नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी फाशी दिलेल्या नऊही जणांना मरणोत्तर सन्मान आणि माफी जाहीर केली. हत्या झालेल्या चौघांनाही पुढे सन्मान दिला. तीस वर्षांनी राज्यसत्तेला आठवण झाली, हे खरे. पण शब्द पाहा: माफी. माफी गुन्हेगाराला देतात. ज्यांनी गुन्हा केलाच नव्हता असे जग सांगत आले, त्यांना माफ करणारी सत्ता निकाल रद्द करीत नाही, आपला मोठेपणा तेवढा मिरवते. म्हणूनच अनेकांनी तेव्हा माफी नको, निर्दोषत्व जाहीर करा, अशी मागणी केली. एका शब्दासाठीचा हा झगडा शाब्दिक नाही. नासाडीला 'गळती' म्हणायचे, हक्काला 'भरपाई' म्हणायचे आणि अन्यायाच्या कबुलीऐवजी 'माफी' द्यायची, ही सत्तेची शैली आहे. तिची समीक्षा करणे हे साहित्यसमीक्षेचेच काम आहे.

डायरी, अहवाल आणि माफीनामा, असे एकाच भूमीवरचे हे तीन मजकूर आहेत. पहिल्याची किंमत लेखकाने प्राणाने मोजली. दुसरा उशिरा आला, पण खरे बोलला. तिसरा सुबक आहे आणि मूळ प्रश्न टाळणारा आहे. यांतला साहित्य कोणता, हे सौंदर्यशास्त्राने आपल्या सवडीने ठरवावे. मात्र ठरवण्याआधी त्याने ओगालेच्या विहिरीतले पाणी एकदा हुंगून पाहावे.